आंबा की तांबे: एका अपुऱ्या वादाचा मागोवा

भिवंडीत यंत्रमाग भंगारात निघू लागले, तेव्हा बिडाबरोबर मोटारींच्या वाइंडिंगमधील तांबेही वजनावर विकले गेले. या धातूच्या शुद्धीकरणाबाबत महाराष्ट्राने दाखवलेली उदासीनता त्यामुळेच पुन्हा तपासावी लागते.

1967 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीच्या खेत्री व घाटशिला येथील पर्वाबद्दल येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रासाठी निर्णायक ठरले ते 1990चे दशक. रत्नागिरीतील स्टरलाइट कंपनीचा नियोजित तांबे प्रकल्प आंबा बागायतदार व रहिवाशांच्या आंदोलनामुळे 1993 मध्ये थांबला आणि तमिळनाडूतील तुतिकोरिनला गेला. आंदोलकांना तेव्हा विकासविरोधी ठरवणाऱ्यांनी 22 व 23 मे 2018 रोजी तुतिकोरिनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात झालेले 13 मृत्यू आणि 28 मे रोजी निघालेला कारखाना बंदीचा आदेश विसरू नये. त्यानंतर शुद्ध तांब्याचा निर्यातदार असलेला भारत निव्वळ आयातदार झाला.

त्या दशकातील वाद ‘आंबा की तांबे’ एवढ्यावरच अडकला आणि कारखाना कसा चालवावा, हा प्रश्न मागे पडला. वितळभट्टीतील गंधकाचा वायू हा त्याचा एक भाग. दुसरा भाग विद्युत-निष्कर्षणाचा, म्हणजे आम्लद्रावणात विरघळलेले तांबे विजेच्या साहाय्याने कॅथोडच्या पत्र्यावर जमवण्याचा. नेहमीच्या विद्युत-शुद्धीकरणात अशुद्ध तांब्याचा ॲनोडच विरघळतो आणि प्रत्येक टाकीला साधारण 0.3 व्होल्ट पुरतात. निष्कर्षणात शिशाचा ॲनोड विरघळत नाही, दाब सुमारे 2 व्होल्टपर्यंत चढतो आणि टनामागे 2000 युनिटांच्या आसपास वीज लागते. म्हणूनच पत्र्यांमधील अंतर सारखे राखणे, शॉर्टसर्किट लवकर शोधणे आणि वीज वाया घालवणारे द्रावणातील लोह मर्यादित ठेवणे, यांवर तेथील काटकसर अवलंबून असते. ॲनोडवरील प्राणवायूच्या बुडबुड्यांतून आम्लाचे तुषार उडतात. ते रोखण्यासाठी टाकीवर आच्छादन आणि हवा ओढून घेणारी यंत्रणा लागते. शुद्धीकरण कारखान्यातही जुन्या द्रावणातील तांबे याच पद्धतीने काढतात. मात्र ते फार कमी होईपर्यंत प्रक्रिया ताणली आणि द्रावणात आर्सेनिक असले, तर आर्सिन हा प्राणघातक वायू निर्माण होऊ शकतो. प्रक्रिया वेळीच थांबवण्याची ही शिस्त कामगाराच्या जिवाशी निगडित आहे.

भंगारातील तांबे नुसते वितळवल्याने त्यातील सर्व अशुद्धी जात नाहीत आणि त्या राहिल्या की तारेची वाहकता घटते. भिवंडीसारख्या शहरांजवळ सांडपाणी शुद्धीकरणाची सोय असलेल्या, मोजमापे लोकांसमोर खुली ठेवणाऱ्या सामाईक शुद्धीकरण केंद्रांचा विचार व्हायला हवा. रत्नागिरीत 1993 साली विचारायचा राहिलेला प्रश्न आता परवाना देण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर तपासण्याचा अधिकार शेजाऱ्यांना व कामगारांना मिळाला पाहिजे.