पाण्याची कसोटी

हिवाळ्यात दोंडाईचाला उतरणाऱ्या माणसाला गाव आधी नाकाला कळते. मिरचीचा हंगाम असतो, वाळत घातलेल्या मिरचीने पथाऱ्या लाल झालेल्या असतात आणि स्टेशनावरून घरी पोहोचेपर्यंत दोन शिंका ठरलेल्या. त्या लाल रंगाशी माझा एक जुना हिशेब आहे. तो सांगायचा तर आधी शाळेच्या प्रयोगशाळेत जायला हवे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबले आणि कुलपात ठेवलेले एक कपाट. कपाटातल्या निम्म्या बाटल्यांवरच्या नावांचा शेवट 'क्लोराइड' असा असे. सर सांगत, ''क्लोरिन हा विषारी वायू. सोडिअम पाण्यात टाकला तर पेट घेणारा धातू. दोघांचे लग्न लागले की तुमच्या वरणात पडते ते मीठ!'' आम्ही हसायचो, पण तेव्हापासून जेवताना मिठाकडे जरा आदराने पाहू लागलो.

त्या घराण्यातल्या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल शोषून घेते, म्हणून जे पदार्थ कोरडे ठेवायचे त्यांच्या शेजारी त्याची नेमणूक. कोबाल्ट क्लोराइडचा कागद कोरडा असताना निळा आणि ओल लागली की गुलाबी. पानाच्या दोन्ही बाजूंना तो चिकटवून झाड पाणी कसे सोडते ते आम्ही पाहिले होते. बेरियम क्लोराइड सल्फेट ओळखून देई. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब चहात टाकले की चहा शाईसारखा काळा पडे. अमोनियम क्लोराइड परीक्षानळीत तापवले की त्याची वाफ होऊन वरच्या गार भागावर पुन्हा पांढरा थर जमे. पुस्तकात त्याला 'संप्लवन' म्हटले होते. मला मात्र तो पांढरा धूर घरचाच वाटला. आमच्या दारात कल्हईवाला यायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, तोच हा. उष्णतेने त्यातून सुटणारे आम्ल भांड्यावरची काळी पुटे खाऊन टाकते आणि मग कथील सरसर पसरते. रसायनशास्त्र आईच्या पितळी पातेल्यात होते, आम्हाला फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

पण सर्वांत मोठी करामत सिल्व्हर नायट्रेटची. सरांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत मिठाचा खडा विरघळवलेले पाणी. दिसायला दोन्ही सारखीच. दोन्हींत थोडे विरल नायट्रिक आम्ल आणि वर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. एक नळी तशीच राहिली. दुसरीत पाहता पाहता दह्याच्या कवडीसारखा पांढराशुभ्र साका धरला. ते सिल्व्हर क्लोराइड. उजेडात ठेवले तेव्हा ते हळूहळू जांभळट पडत गेले. सर म्हणाले, ''डोळ्यांना दिसत नाही म्हणजे नाही, असे समजू नका.'' हे वाक्य मी वहीत लिहून घेतले आणि पुढे बँकेत लागल्यावर विसरून गेलो.

बँकेत क्लोराइडशी गाठ पडली ती सोनेतारण कर्जाच्या टेबलावर. आमचे सराफ काळ्या कसोटीवर दागिना घासत, त्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडत आणि रेघ किती टिकते त्यावरून कस सांगत. सोने एकट्या नायट्रिक आम्लाला दाद देत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकलाही नाही. एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक असे मिश्रण केले, तर मात्र ते विरघळते आणि त्याचे क्लोराइडचे संयुग बनते. चांदी गाळण्याच्या जुन्या रीतीत तर आम्लात विरघळलेली चांदी परत मिळवायला चक्क मीठ टाकतात. शाळेतला तोच पांढरा साका! थोडक्यात, पाचशे रुपयांच्या कर्जासाठीही आम्ही सोन्याची परीक्षा घेतल्याशिवाय पैसे देत नव्हतो.

आता तो हिशेब. साल १९८८. तापीकाठच्या एका गावातले शेतकरी शाखेत आले. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागलो. घरच्या पैशांनी त्यांनी विहीर खोदली होती आणि पाणी चांगले लागले होते. कर्ज हवे होते ते इंजिनासाठी आणि पाइपलाइनसाठी. मिरची लावायची होती. मी पाहणीला गेलो. विहिरीचा व्यास मोजला, खोली मोजली, उपसा केल्यावर पाणी किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहिले. सातबारा तपासला, जामीनदार तपासले. ऊन फार होते. आबांनी घरून पाण्याचा तांब्या आणवला. विहीर दहा पावलांवर असताना प्यायचे पाणी घरून का आणवले, हे मी विचारले नाही. कर्ज मंजूर झाले.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी मिरचीच्या पानांचे शेंडे आणि कडा करपू लागल्या. आबांना वाटले रोग आला. दोन फवारण्या झाल्या, त्यासाठी हातउसने पैसे घेतले गेले. मग वाफ्यांच्या कडेला मातीवर पांढरट खार दिसू लागला. कुणीतरी पाणी तपासायचा सल्ला दिला. अहवालात क्लोराइडचा आकडा चार आकडी होता. आबा माझ्यासमोर बसून इतकेच म्हणाले, ''साहेब, पानी ते भरपूर शे, पन खारं शे.''

ती तपासणी म्हणजे शाळेतलाच प्रयोग, फक्त मोजून केलेला. कार्ल फ्रीडरिख मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली ही पद्धत दिली. पाण्यात पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटचे थोडे द्रावण टाकायचे आणि वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचे. चांदी आधी क्लोराइडला धरते. शेवटचे क्लोराइड संपले की मगच ती क्रोमेटकडे वळते आणि पिवळे पाणी विटकरी लाल होते. तिथे थांबायचे, किती द्रावण लागले ते वाचायचे, त्यावरून क्लोराइडचा हिशेब निघतो. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर १,००० पर्यंत. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे १९,००० असते. गंमत अशी की, जिभेला खारटपणा जाणवायला लागतो तोच साधारण २५० च्या आसपास. म्हणजे जीभ सांगते, पण उशिरा आणि मोघम सांगते. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. पण ज्या भागाला असे नाव पडलेले नाही, तिथे एकेका विहिरीला विचारावेच लागते.

आबांनी बैलजोडी विकली, बांधालगतची थोडी जमीन विकली आणि कर्जाचा शेवटचा हप्ताही वेळेवर भरला. वसुलीच्या तक्त्यात त्यांचे खाते अखेरपर्यंत 'नियमित' राहिले आणि त्या वर्षी चांगल्या वसुलीबद्दल मला वरून शाबासकीचे पत्र आले. ते मी फाडले नाही. अजून जपून ठेवले आहे, पण अभिमानाने नव्हे. नियमाप्रमाणे माझी काहीच चूक नव्हती. अर्जात पाण्याची खोली होती, पाण्याच्या गुणाचा रकाना नव्हता. पण रकाना नव्हता म्हणून प्रश्न नव्हता काय? सोन्यावर थेंब टाकणाऱ्या टेबलावरच मी बसत होतो. पाण्यावर एक थेंब टाकून घ्यावा, हे मला सुचले नाही.

आबा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा बाजारात मिरचीच्या गाडीजवळ भेटला. दुसरीकडे बटाईने शेत करतो. मला ओळखून त्याने चहा पाजला आणि बोलता बोलता म्हणाला, ''काका, शेत घेण्याआधी मी बाटली भरून नेतो.'' कशी नेतो तेही त्याने सांगितले. मोटार थोडा वेळ चालू द्यायची, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, वर गाव, गट नंबर आणि तारीख लिहायची आणि लगेच प्रयोगशाळेत पोहोचवायची. त्याला हे कुणी शिकवले, असे मी विचारले.

''आबांनी,'' तो म्हणाला.

मी चहा संपवला. समोर पथारीवर मिरची वाळत होती. मोरच्या प्रयोगात चांदीला क्लोराइड उरले नाही की उमटतो, अगदी तसाच तिचा रंग होता.