प्रेस उभी, हंगाम चालू! पॅनलमधल्या ‘पीएलसी’चा प्रोग्रॅम तुमच्याकडे आहे का?

दिवाळीच्या आगेमागे जळगाव जिल्ह्यातल्या जिनिंग सुरू होतात. जामनेर, धरणगाव, बोदवडकडच्या रस्त्यांना कापसाच्या गाड्या लागतात. अशा ऐन हंगामात गाठी बांधणारी प्रेस अचानक थांबली, तर मालक आधी पंप बघतो, मग तेल बघतो, मग व्हॉल्व्ह खोलतो. सगळं ठीक निघतं, तरी प्रेस हलत नाही. शेवटी वायरमन पॅनलचं दार उघडतो आणि आतल्या वीतभर डब्याकडे बोट दाखवतो, “शेठ, हे गेलंय.”

तो डबा म्हणजे पीएलसी. पूर्ण नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. आज तो फक्त मोठ्या कारखान्यात नाही, तर जिनिंग, डाळ मिल, पाऊच पॅकिंग, दूध शीतकरण अशा तालुक्याच्या ठिकाणच्या मशिनांतही बसलेला आहे. काही हजारांची ही वस्तू बंद पडली की लाखोंचं मशीन उभं राहतं. म्हणून त्याची जुजबी ओळख मालकालाही पाहिजे.

हा डबा करतो काय?

गाठीच्या प्रेसचंच उदाहरण घेऊ. एका पेटीत ट्रॅम्पर रुई दाबत भरत असतो, तेव्हा दुसऱ्या पेटीतल्या रुईवर मुख्य रॅम दाब देतो. मग पट्ट्या बांधल्या की साधारण १७० किलोची गाठ बाहेर पडते. या प्रत्येक पायरीला अट आहे. दार नीट बंद आहे का? रॅम खाली आला का? दाब पुरेसा झाला का? ही माहिती लिमिट स्विच, प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि प्रेशर स्विच देतात. तारेने ती पीएलसीच्या इनपुटला येते. पीएलसी आपला प्रोग्रॅम वाचतो आणि आउटपुटमधून हुकूम सोडतो: पंप चालू, व्हॉल्व्ह उघड, रॅम थांब. इनपुट बघ, हिशेब कर, आउटपुट दे, हे चक्र तो सेकंदात कितीतरी वेळा फिरवतो.

पूर्वी हेच काम रिलेंनी भरलेली कपाटं करायची. कामाचा क्रम बदलायचा तर वायरिंग उसवावं लागे. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला हाच ताप होता. १९६८ मध्ये त्यांनी यावर उपाय मागितला आणि डिक मॉर्ली यांच्या गटाने बनवलेला ‘मॉडिकॉन ०८४’ त्यातून पुढे आला. जुन्या इलेक्ट्रिशियनला समजावा म्हणून प्रोग्रॅम शिडीसारख्या आकृतीत लिहायची पद्धत ठेवली गेली. ‘लॅडर’ म्हणतात ती हीच. आजही आपल्याकडचे बहुतेक प्रोग्रॅम लॅडरमध्येच असतात.

कॉम्पॅक्ट पीएलसीत प्रोसेसर, इनपुट आणि आउटपुट एकाच डब्यात येतात. सीमेन्सचा एस७-१२००, मित्सुबिशीची एफएक्स मालिका, डेल्टाचा डीव्हीपी ही त्यातली ओळखीची नावं.

पीएलसीच गेलाय, हे कशावरून?

घाई करू नका. पुष्कळदा दोष पीएलसीच्या बाहेरच असतो. जाणत्या वायरमनकडून, पंपाची मुख्य लाइन बंद करून, एवढं आधी बघून घ्या:

१. पॉवरचा दिवाच लागत नसेल तर आधी २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय मोजा. गावाकडच्या कमी-जास्त व्होल्टेजमध्ये तो आधी मान टाकतो.

२. पॉवर आहे, पण ‘रन’चा दिवा नाही किंवा ‘एरर’ लागलाय, तर प्रोग्रॅम थांबलाय. काही जुन्या मॉडेलमध्ये प्रोग्रॅम बॅटरीवर टिकतो. बॅटरी संपली की तो पुसला जातो.

३. सेन्सरसमोर लोखंड धरलं की सेन्सरचा दिवा लागतो, पण पीएलसीवर त्याच इनपुटचा दिवा लागत नाही? मग मधली तार किंवा कनेक्शन बघा. रुईची धूळ आणि उंदीर दोन्ही तारांचे वैरी.

४. आउटपुटचा दिवा लागतो, पण व्हॉल्व्ह उघडत नाही? मग आतला आउटपुट जळालेला असू शकतो. मोठी कॉइल थेट पीएलसीला जोडली की असं होतं. मध्ये एक स्वस्तातला रिले टाकला की डबा वाचतो.

खरी अडचण प्रोग्रॅमची

समजा, पीएलसी खरंच जळाला. नवीन डबा जळगाव, नाशिक किंवा पुण्याहून एक-दोन दिवसांत येईलही. पण तो कोरा असतो! प्रेस कशी चालवायची ते त्याला ठाऊक नसतं. तो प्रोग्रॅम मशीन बनवणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये. फोन केला तर प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला, किंवा “आमचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल.” तोवर कापूस उघड्यावर आणि मजूर बसून.

मशीन बनवणाऱ्याचीही बाजू आहे. त्याची मेहनत कुणी चोरू नये म्हणून तो पासवर्ड टाकतो, आणि ते चूक नाही. पण आपलं मशीन बंद पडू नये, हा पैसे मोजणाऱ्याचा हक्कही खोटा नाही. म्हणून बोलणी शेवटचा हप्ता देण्याआधी करा, नंतर नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी हे मागा

- चालू प्रोग्रॅमची मूळ फाइल, टिपांसकट. पीएलसीतून उलट काढलेल्या प्रोग्रॅममध्ये बऱ्याचदा टिपा येत नाहीत आणि दुसऱ्याला तो उलगडत नाही.
- पासवर्ड. द्यायचा नसेल तर बंद पाकिटात द्या म्हणावं, किंवा किती दिवसांत प्रोग्रॅम भरून देणार ते कागदावर घ्या.
- टचस्क्रीनचा वेगळा प्रोग्रॅम आणि ड्राइव्हच्या सेटिंगची यादी.
- वायरिंगचा नकाशा आणि कोणत्या इनपुट-आउटपुटला काय जोडलंय त्याचा तक्ता. एक प्रत पॅनलच्या दाराला आतून चिकटवा.
- पीएलसीचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत. अनेक मॉडेलमध्ये शेवटचा ‘आर’ म्हणजे रिले आउटपुट आणि ‘टी’ म्हणजे ट्रान्झिस्टर. तिथं चूक झाली तर आणलेला डबा पडून राहतो.

फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक ऑफिसात अन् एक घरी. जमलं तर प्रोग्रॅम भरलेला जादा पीएलसी कपाटात ठेवा.

आणि एक गोष्ट जिवाची. लाल इमर्जन्सी बटन दाबल्यावर मोटरचा कॉन्टॅक्टर थेट तारेने सुटला पाहिजे, फक्त पीएलसीच्या भरवशावर नको. प्रोग्रॅम अडकला तरी माणूस वाचला पाहिजे. आपल्या प्रेसवर तशी जोडणी आहे का, ते हंगाम सुरू व्हायच्या आधी वायरमनला विचारा.