दुर्लक्षालाही वेळेचे भान असते

संगणकात अनावश्यक संदेश गाळून टाकण्यासाठी आम्ही एक नियम लिहितो आणि तो संदेश पुढे जातच नाही. मेंदूचे दुर्लक्षही असेच असावे, असे आपल्याला वाटते. मात्र पुढची घटना केव्हा घडेल याचा अंदाज बांधताना मेंदू नको असलेल्या गोष्टींचीही दखल घेतो.

ब्रिस्टलच्या बर्डन न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटमधील ग्रे वॉल्टर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी 'टक्' असा आवाज, सुमारे एका सेकंदाने प्रकाशाची उघडझाप, आणि ती दिसताच कळ दाबायची. मधल्या अवधीत डोक्यावरील इलेक्ट्रोडांनी ऋण विद्युतदाबाची एक संथ लाट टिपली. ती प्रतीक्षेची खूण होती. आवाजानंतर प्रकाश येईनासा झाला, तेव्हा ती लाट हळूहळू मावळली. आवाज तोच होता. त्याचा अर्थ मात्र सरला होता.

लकाटोश, श्रोडर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याच्या पुढचा टप्पा दाखवला. माकडांसमोर प्रकाश आणि ध्वनी आळीपाळीने, एका लयीत येत. लक्ष त्यांपैकी एकाकडेच द्यायचे असे. मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील पेशींची सज्जता सेकंदाला साधारण दीड वेळा चढते-उतरते. लक्ष प्रकाशाकडे असे, तेव्हा प्रकाश चढाच्या क्षणी पोहोचे. लक्ष ध्वनीकडे वळताच हीच लय सरके आणि प्रकाश उताराच्या क्षणी येई. म्हणजेच नकोशा उद्दीपकाचीही वेळ मेंदूला ठाऊक असते. म्हणूनच तो त्याला गैरसोयीच्या क्षणी गाठतो.

यातून आम्हाला एक अनुमान सुचते. ज्याची लय ठरलेली आहे, ते बाजूला ठेवणे मेंदूला सोपे जात असावे. जे अवचित येते, त्यासाठी असा उताराचा क्षण आधी राखून ठेवता येत नाही. पंख्याची एकसुरी घरघर आपण विसरतो, फोनची अवचित घंटी विसरू शकत नाही.

परदेशातील आपल्या घरांत एकाच खोलीत मुलांचा अभ्यास, आपली कार्यालयीन बैठक आणि गावाकडून आलेला व्हिडिओ कॉल एकत्र नांदतात. मुलाचे चित्त विचलित झाले की आपण त्याला आळशी ठरवतो. त्याऐवजी आपण फोनच्या सूचना बंद ठेवाव्यात आणि आजी-आजोबांशी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी. एकाग्रतेचा सारा भार मुलाच्या निर्धारावर टाकण्यापेक्षा घराचे वेळापत्रक सुधारणे अधिक न्याय्य आहे.