आरोग्यासाठी प्रार्थना : श्रद्धा, औषध आणि ख्रिस्तसभेची शिकवण

आजारपण कोणाच्याही दारी सांगून येत नाही. ते आले की श्रद्धावंत माणसाचे हात आपोआप जोडले जातात. रुग्णाच्या उशाशी रोझरी म्हटली जाते, नवस बोलला जातो. बांद्र्याच्या मोत माउलीला हातापायांच्या मेणाच्या प्रतिकृती वाहिल्या जातात, तर माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला हजारो भाविक आपली दुखणी घेऊन येतात. आपल्या वसईतील रमेदीच्या मातेचे नावच मुळी पोर्तुगीज ‘रेमेदियोस’, म्हणजे औषधोपचार, या शब्दावरून आले आहे. परमेश्वराला आपल्या आत्म्याइतकीच आपल्या देहाचीही काळजी आहे, हा विश्वास या साऱ्या भक्तीच्या मुळाशी आहे.

परंतु याच विश्वासाच्या नावाखाली दोन वाक्ये अधूनमधून आपल्या कानी पडतात. ‘प्रार्थना सुरू केली आहे, आता गोळ्या कशाला?’ हे पहिले. ‘अजून बरे वाटत नाही, म्हणजे तुमची श्रद्धा कमी पडते,’ हे दुसरे. पहिल्या वाक्याने रुग्णाचा जीव धोक्यात येतो आणि दुसऱ्याने त्याचे मन मोडते. म्हणूनच याविषयी ख्रिस्तसभा नेमके काय शिकवते, हे आपण समजून घ्यायला हवे.

प्रार्थना करणे योग्यच

प्रभू येशूने आपल्या सेवाकार्यात आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना शुद्ध केले आणि शिष्यांनाही रुग्णांकडे पाठविले. आजारी माणसाने ख्रिस्तसभेच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे संत याकोब आपल्या पत्रात सांगतो (याकोब ५:१४-१५). रुग्णाभ्यंग संस्काराचा पाया हाच आहे.

हे तेल म्हणजे ‘शेवटचे तेल’ अशी समजूत अनेक घरांत अद्याप टिकून आहे. धर्मगुरू तेल घेऊन आले म्हणजे आता आशा उरली नाही, या भीतीने काही कुटुंबे त्यांना बोलावण्याचे टाळतात. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले, की हा संस्कार केवळ मरणासन्न व्यक्तींसाठी नाही. पुढे १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया किंवा वार्धक्यातील दुर्बलता अशा प्रसंगी हा संस्कार घेता येतो आणि आजार बळावल्यास तो पुन्हाही घेता येतो.

औषध हीदेखील देवाचीच देणगी

जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथात (अध्याय ३८) आजारपणाविषयी अत्यंत समतोल उपदेश आहे. आजारात परमेश्वराची प्रार्थना करावी, पापांचा पश्चात्ताप करावा आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्य आणि वनौषधी दोन्ही परमेश्वरानेच निर्माण केली आहेत, असे तेथे सांगितले आहे. संत पौलाचा सोबती संत लूक स्वतः वैद्य होता (कलस्सै ४:१४). तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी संत पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय सुचविला.

बांद्र्याचे होली फॅमिली किंवा वसईतील बंगलीचे कार्डिनल ग्रेशस इस्पितळ ही याच शिकवणीची फळे होत. औषधाने श्रद्धेला बाधा येत असती, तर ख्रिस्ती लोकांनी इस्पितळे उभारलीच नसती. म्हणून प्रार्थनेच्या भरवशावर इन्सुलिन, क्षयरोगाच्या गोळ्या किंवा मानसिक आजारावरील औषधे बंद करणे म्हणजे श्रद्धेचे बळ नव्हे. देवाने पुढे केलेला एक हात आपणच दूर लोटण्यासारखे ते आहे.

लूर्दची सावधगिरी

ख्रिस्तसभा चमत्कार मानते, परंतु ती घाईने ‘चमत्कार’ म्हणत नाही. फ्रान्समधील लूर्द हे याचे उत्तम उदाहरण आहे. १८५८ मध्ये तेथे चौदा वर्षांच्या बर्नादेतला पवित्र मरियेने अठरा वेळा दर्शन दिले. रुग्ण बरे होऊ लागले, तेव्हा त्यांच्या तपासणीसाठी १८८३ मध्ये तेथे वैद्यकीय केंद्र स्थापन झाले. आजार गंभीर होता काय, त्याचे निदान पक्के होते काय, आरोग्यलाभ अचानक, संपूर्ण आणि कायमचा आहे काय, उपचारांनी त्याचा उलगडा होतो काय, हे डॉक्टर वर्षानुवर्षे पडताळून पाहतात. वैद्यकशास्त्राला उलगडा होत नाही, एवढेच ते सांगतात. चमत्काराचा निर्णय त्या व्यक्तीच्या धर्मप्रांताचे बिशप देतात. आजवर सात हजारांहून अधिक व्यक्तींनी आरोग्यलाभाची नोंद केली. त्यांपैकी २०२५ पर्यंत केवळ ७२ घटनांना चमत्कार म्हणून मान्यता मिळाली आहे.

याचा अर्थ उरलेल्यांची प्रार्थना वाया गेली असा नव्हे. स्वतः बर्नादेतला दम्याचा विकार होता. पुढे तिला क्षयरोग जडला आणि १८७९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नव्हेर येथील मठात तिचे निधन झाले. जिच्या हातांनी तो झरा मोकळा झाला, तिला दीर्घायुष्य लाभले नाही. तरीही १९३३ मध्ये ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. तिची श्रद्धा कमी पडली, असे कोण म्हणेल?

बरे वाटले नाही तर?

जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:१-३). संत पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही; तो सहन करण्यास पुरेशी कृपा मात्र मिळाली (२ करिंथ १२:७-९). खुद्द प्रभूने गेथशेमनी बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि अखेर पित्याच्या इच्छेला मान दिला. रुग्णावर अविश्वासाचा ठपका ठेवणाऱ्यांनी या तिन्ही प्रसंगांचे मनन करावे.

प्रार्थनासभांसाठी मार्गदर्शन

आरोग्यासाठी होणाऱ्या प्रार्थनांविषयी व्हॅटिकनच्या श्रद्धाशिकवण विभागाने १४ सप्टेंबर २००० रोजी सूचनापत्र प्रसिद्ध केले. त्यावर विभागाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल रात्झिंगर, म्हणजेच नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांची स्वाक्षरी आहे. आरोग्यासाठी प्रार्थना करण्यास सर्वांना मुभा आहे, मात्र अशा सभांत उन्माद, कृत्रिमपणा, नाटकीपणा आणि सनसनाटी यांना थारा नसावा, असे त्यात म्हटले आहे. या सभा पवित्र मिस्सात मिसळू नयेत. मिस्सातील श्रद्धावंतांच्या विनवण्यांत रुग्णांसाठी प्रार्थना जरूर करावी. कोणास आरोग्यलाभ झाल्यास त्याची साक्ष साधेपणाने व अचूकपणे नोंदवून अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. एखाद्या सभेला जाण्यापूर्वी आपण हे निकष लावून पाहावेत आणि शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये घोषित केलेला जागतिक रुग्णदिन दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, पाळला जातो. परंतु रुग्णांची आठवण एका दिवसापुरती नसावी. मार्कच्या शुभवर्तमानात चौघांनी एका पक्षाघाती माणसाला छपरातून येशूपुढे उतरविले. येशूने पाहिला तो त्याला आणणाऱ्यांचाही विश्वास (मार्क २:५). आजारी माणसाला कधी कधी प्रार्थना करण्याचेही त्राण नसते. अशा वेळी त्याच्या श्रद्धेचे मोजमाप करण्याऐवजी आपण त्याच्या खाटेचा एक कोपरा उचलावा. त्याच्यासाठी रोझरी म्हणावी, धर्मगुरूंना वेळेवर बोलवावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे, औषधाची वेळ सांभाळावी आणि त्याच्याजवळ बसावे. बरे करणे प्रभूच्या हाती आहे. रुग्णाला एकटे न सोडणे मात्र आपल्या हाती आहे.