रस्ता खणताना निघाले खांब!

कोळशासाठी ओळखल्या जाणाऱ्या वणीहून पांढरकवड्याच्या बाजूला जाणाऱ्यांनी शिबला-पार्डीला गाडी जरूर थांबवावी. २०२१ मध्ये तिथे रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून पैलूदार दगडी खांब उघडे पडले. एकाला एक चिकटलेले, कडा सरळ. पाहणाऱ्याला वाटावं, जुन्या वाड्याचे अवशेषच!

पण कारागीर इथे लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो पसरला, थंड होताना आकसला. वरच्या भेगा खोल खोल जात पाच-सहा बाजूंचे खांब तयार झाले. हा ‘कॉलम्नार बेसॉल्ट’ असल्याचं भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी सांगितलं.

मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल याच घराण्यातली. उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे तर १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.