अवजारे आणि त्यांचे धनी

'हल्ली काय चालले आहे?' असे पाहुण्यांनी मला विचारले, की उत्तर सौ. परस्परच देऊन टाकते, "काही नाही, याद्या करताहेत." यादी कसली, तर संगणकावरच्या खेळांत फेरफार करण्याच्या अवजारांची आणि ती अवजारे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरांची! एवढे ऐकल्यावर पाहुणे बहुधा चहाकडे वळतात. वाचकहो, तुम्ही मात्र फराळाची बशी जवळ ओढून घ्या आणि घटकाभर ऐका.

फेरफार म्हणजे काय, हे सांगायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही. आपला सोऱ्या पाहा. सोऱ्या एकच, पण आतली चकती बदलली की त्याच सोऱ्यातून कधी चकली पडते, कधी शेव. संगणकाच्या खेळाचेही तसेच असते. चित्र काढणारे, आवाज करणारे यंत्र एक आणि त्यात घालायची सामग्री दुसरी. सामग्री बदलली की जुन्याच खेळात नवा वाडा, नवे राक्षस, नवे संगीत. या उद्योगाला 'मॉडिंग' म्हणतात. पण नवी चकती पाडायची तर हातोडी-छिन्नी हवी ना? माझी यादी चकत्यांची नव्हे, त्या हातोडी-छिन्नीची आहे.

आमचा खेळ 'डूम'. अमेरिकेतल्या 'आयडी सॉफ्टवेअर' या त्या वेळच्या चिमुकल्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी तो बाहेर काढला. त्याआधीच्या 'वुल्फेनस्टाइन ३डी' या १९९२ सालच्या खेळात हौशी मंडळींनी परस्पर कलाकुसर केलेली जॉन कारमॅक या प्रोग्रॅमरने पाहिली होती. त्यावर रागावण्याऐवजी त्याने 'डूम'ची सारी सामग्री मुद्दाम एका वेगळ्या फायलीत ठेवली. त्या फायलीला म्हणतात 'वॅड'. 'सगळी माहिती आहे कुठे?' अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाची ती आद्याक्षरे! आपली छोटी वॅड मूळ वॅडवर चढवली की खेळ बदलला. मूळ फायलीला धक्का लावायचे कारणच उरले नाही.

कंपनीने दार उघडे ठेवले, पण किल्ल्या काही दिल्या नाहीत. तिचे स्वतःचे नकाशे काढण्याचे अवजार वेगळ्याच जातीच्या संगणकावर चाले. मग हौशी मंडळीच कामाला लागली. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे खेळ निघून दोन महिने होण्याच्या आत, 'डीईयू' हा नकाशे काढणारा प्रोग्रॅम बाहेर पडला. त्याचे जनक ब्रेंडन वायबर न्यूझीलंडात, तर राफाएल किने बेल्जियममध्ये! पृथ्वीच्या दोन टोकांना बसून दोघांनी फुकट केलेला हा प्रपंच.

नकाशा नुसता काढून भागत नसे, बरे का. त्या काळचे संगणक अशक्त. कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे, याचा हिशेब खेळताना नव्याने करत बसायला त्यांना सवड नसे. म्हणून नकाशाचे तुकडे पाडून त्यांची उतरंड आधीच रचून ठेवावी लागे. या कामासाठीही निराळी अवजारे निघाली. राक्षसांचे बळ किंवा बंदुकीचा वेग बदलायचा, तर ग्रेग लुईस यांचे 'डीहॅक्एड'. अशी शेकडो अवजारे निघाली, पसरली आणि कितीतरी विसरलीही गेली.

ही यादी आम्ही ठेवतो ती एका विकीवर. 'विकी' हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ 'झटपट'. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९५ साली पहिली विकी सुरू केली. ही चाळीतल्या फळ्यासारखी वस्तू आहे. खडू ज्याच्या हाती त्याने लिहावे. फरक इतकाच, की हा फळा पुसलेलेही जपून ठेवतो आणि कोणी पुसले तेही सांगतो!

माझ्या यादीत प्रत्येक अवजारापुढे रकाने आहेत : लिहिणारा, साल, कोणत्या संगणकावर चालते, मूळ संहिता मिळते का, आणि परवाना कोणता. वाचायला सोपे, भरायला महाकठीण. फायलीवरची तारीख नकलेबरोबर बदलते, म्हणून मी सोबतचे माहितीपत्रक वाचतो. जुनी अवजारे 'डॉसबॉक्स'मध्ये चालवून त्यांच्या पहिल्या पडद्यावरचे नाव टिपून घेतो. कित्येकांनी टोपणनावच दिलेले. टोपणनावाचे आपल्याला काय नवल? पण कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे आपल्याला ठाऊक असते. इथे बुरख्यामागचा माणूस कोण, हे शेजाऱ्यालाही माहीत नसते. आणि कोणी 'माझे खरे नाव काढा' म्हणाले, तर मी निमूटपणे काढतो. तो त्याचा अधिकार.

गेल्या वर्षी आमच्यात वाद पेटला. एका तरुण सहकाऱ्याचे म्हणणे, "जी अवजारे आज चालत नाहीत, त्यांच्या ओळी कशाला? कोण वापरणार ती?" मी म्हटले, "वापरण्यासाठी नव्हे, परवानगी मागण्यासाठी." प्रोग्रॅम दुरुस्त करायचा तर मूळ संहिता हवी आणि ती वापरायला धन्याची संमती हवी. धन्याचे नावच पुसले, तर संमती मागायची कोणाकडे?

'डीईयू'चेच उदाहरण घ्या. त्याच्या जनकांनी संहिता खुली ठेवली. तिच्यावरून युनिक्सच्या संगणकांसाठी 'याडेक्स' निघाला आणि 'याडेक्स'वरून 'युरेका'. खुद्द 'डूम'ची संहिताही आयडीने २३ डिसेंबर १९९७ रोजी खुली केली, म्हणून तीस वर्षे उलटून गेली तरी तो नव्या यंत्रांवर चालतो. ज्यांनी संहिता पेटीत ठेवली आणि पत्ता म्हणून कॉलेजातला ई-मेल दिला, त्यांची अवजारे मात्र पदवीबरोबरच अनाथ झाली.

वाद चालू असतानाच अशाच एका अनाथ ओळीवरून पत्र आले. "या यादीत माझे नाव पाहिले. तेव्हा मी विद्यार्थी होतो, आता माझी मुलगी कॉलेजात आहे. संहिता जुन्या फ्लॉपीवर असावी, शोधतो." आठवडाभराने संहिता आली. सोबत तीन ओळींची परवानगी : कोणीही वापरा, बदला, फक्त नाव राहू द्या.

ती ओळ काढा म्हणणारा तो तरुणच सध्या ते अवजार नव्या संगणकासाठी दुरुस्त करतो आहे. मूळ धन्याचे नाव त्याने पहिल्या पडद्यावर होते तिथेच ठेवले आहे आणि आपले त्याखाली, बारीक अक्षरात लिहिले आहे.

'लिहिणारा : अज्ञात' अशा ओळी यादीत अजून पुष्कळ आहेत. या सुटीत त्यांतल्या दोन-तीन तरी भरायच्या असा बेत आहे, सौ.ने घरातली जळमटे काढायला नाही बोलावले, तर!