संचायक घटमाला, शिसे-अम्ल : निगा व परीक्षण

विद्युत् ऊर्जा रासायनिक ऊर्जेच्या रूपात साठवून गरजेच्या वेळी ती पुन्हा विद्युत् रूपात देणाऱ्या घटांच्या संचाला संचायक घटमाला म्हणतात. शिसे-अम्ल घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. १८८१ मध्ये कामीय फॉर यांनी पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लगदा लेपण्याची पद्धत शोधून काढल्यावर त्याचे उत्पादन सुकर झाले. मोटारगाड्या, घरगुती इन्व्हर्टर, दूरध्वनी केंद्रे, विद्युत् उपकेंद्रे इ. ठिकाणी या घटमाला वापरतात. उपकेंद्रातील मंडल खंडक (दोष उद्भवताच विद्युत् मंडल तोडणारे साधन) उघडण्यासाठी लागणारी शक्ती सामान्यतः घटमालेतूनच मिळते. ती ऐन वेळी निकामी ठरल्यास दोषाचा प्रवाह चालू राहून रोहित्रही जळू शकते. घटमालेतील उणीव बहुधा अशा प्रसंगीच उघड होत असल्याने नियमित निगा व परीक्षण यांना विशेष महत्त्व आहे.

विद्युत् भारित घटात धन पट्टीवर शिशाचे डाय-ऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंमध्ये विरल सल्फ्यूरिक अम्ल असते. विसर्जन होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते, अम्ल खर्ची पडते व पाणी निर्माण होते. भारण करताना ही विक्रिया उलट दिशेने घडते. त्यामुळे अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून घटाची भारित अवस्था कळते.

निगा : भारणाच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. अशा रीतीने केवळ पाणी कमी होत असल्याने भर घालताना ऊर्ध्वपातित पाणीच वापरतात. अम्ल सांडले नसल्यास ते घालीत नाहीत. नळाच्या पाण्यातील क्लोराइडे व लोह यांमुळे घट आपोआप विसर्जित होऊ लागतो व पट्ट्या झिजतात. भारणात द्रवाची पातळी वाढते, म्हणून पाणी पूर्ण भारणानंतर घालणे इष्ट असते; मात्र पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालावे लागते. घटमाला दीर्घकाळ अर्धवट भारित राहिल्यास सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होऊन धारणशक्ती कायमची घटते. याउलट अतिभारणाने धन पट्टीची जाळी गंजते. उष्णताही हानिकारक असून सरासरी तापमान १०° से. ने वाढल्यास आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

परीक्षण : हायड्रोमीटरने प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व मोजतात. पूर्ण भारित घटात ते रचनेनुसार सुमारे १·२४ ते १·२८ असते, तर विसर्जित घटात १·१५ किंवा त्याहून कमी होते. तापमान प्रमाणभूत तापमानापेक्षा जास्त असल्यास दर १° से. मागे सुमारे ०·०००७ मिळवितात, कमी असल्यास तेवढेच वजा करतात. पाणी घातल्यावर ते पूर्ण मिसळण्यापूर्वी घेतलेले वाचन फसवे असते. एकाच घटाचे वाचन इतरांपेक्षा बरेच कमी आल्यास तो घट सदोष असण्याचा संभव असतो.

काही तास विश्रांती दिलेल्या घटाचा विद्युत् दाब विशिष्ट गुरुत्वात ०·८४ मिळविल्यास अंदाजे मिळतो. उदा., १·२५ ला २·०९ व्होल्ट, म्हणजे सहा घटांच्या मालेस सुमारे १२·५ व्होल्ट. तथापि हा दाब योग्य असला, तरी धारणशक्ती शाबूत असल्याची खात्री देता येत नाही. ती प्रत्यक्ष विसर्जनानेच पडताळावी लागते. दहा तासांच्या मानाने १५० अँपिअर-तास क्षमतेच्या पूर्ण भारित मालेतून १५ अँपिअर प्रवाह घेतला आणि अंतिम दाब दहाऐवजी आठ तासांतच आला, तर तिची क्षमता १२० अँपिअर-तास, म्हणजे ८०% उरली आहे. स्थिर घटमाला या मर्यादेस पोहोचल्यावर सामान्यतः बदलतात. झडप-नियंत्रित बंद घटांत हायड्रोमीटर वापरता येत नसल्याने दाब, संवाहकता व विसर्जन यांच्या चाचण्यांवर भिस्त ठेवावी लागते.

दक्षता : हवेत सुमारे ४% हायड्रोजन साचल्यास मिश्रण स्फोटक होते, म्हणून खोलीत वायुवीजन ठेवतात व ठिणगी टाळतात. गाडीतील घटमाला सोडविताना सांगाड्यास जोडलेली तार प्रथम काढतात. अम्ल विरल करताना ते पाण्यात हळूहळू ओततात. अम्लात पाणी कधीही ओतीत नाहीत. डोळ्यात अम्ल उडाल्यास भरपूर पाण्याने धुऊन तत्काळ वैद्यकीय साहाय्य घेणे आवश्यक असते.

निकामी घटमालेतील शिसे वितळवून पुन्हा वापरता येते. परंतु उघड्यावर वितळविल्यास त्याची धूळ व धूर विषारी ठरून लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. यासाठी भारतात २००१ मध्ये नियम करण्यात आले; त्यांच्या जागी २०२२ मध्ये नवे नियम आले असून त्यांनुसार वापरलेल्या घटमाला परत घेऊन त्यांचे पुनश्चक्रण करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.